बाईंना जरा मागे घ्या

नाही नाही, बूट असू द्यात, पायाखाली मी हा कागद टाकलाय – तुम्ही फक्त आडवे व्हा. पूर्ण. असं काठावर टेकून, हाताने दाबून काय कळणार? सगळे हेच करतात बघा – येतात, दोन बोटांनी गादी दाबतात, टोमॅटो पिकलाय का बघावं तशी, आणि म्हणतात, छान आहे. अहो, छान म्हणजे काय? तुम्हाला काय बोटांवर झोपायचंय? मग काही दिवसांनी तेच कंबर धरून येतात आणि मला म्हणतात, फसवलंत. मी फसवलं? मी तर ओरडून सांगत होतो, आडवे व्हा. – हां, असं. डोकं ठेवा. आता थोडा वेळ बोलू नका. पाठीला आपलं म्हणणं मांडायला वेळ लागतो, ती तोंडासारखी उतावळी नसते. तुम्ही कमी बोलता हे मला दारातच आवडलं. तुमच्या आधी एक बाई आल्या होत्या, पडल्या पडल्या त्यांनी मला नवऱ्याच्या घोरण्याचे सगळे प्रकार आवाज काढून दाखवले. मी म्हटलं, बाई, यावर गादी नाही माझ्याकडे, पण कानात घालायला कापूस आहे, हवा तेवढा न्या. – हसलात ना? हसा. हसल्यावर पाठ सैल पडते, मग गादी खरी कळते.

आणि पडलाच आहात, तर माझं एक काम कराल? छोटंसं. मला एका गोष्टीवर तुमचं मत हवंय – गादीवर नाही हो, गादी मीच शिवलीय, तिच्याबद्दल तुम्ही मला काय सांगणार. दुसऱ्याच एका गोष्टीवर. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, इथून उठलात की पुन्हा भेटायची सक्ती नाही – म्हणून तुम्ही. ओळखीच्या माणसाकडून खरं मत मिळत नाही, हे मला या वयात कळलं. चौथीनंतर शाळेने मला सोडलं, मी शाळेला सोडलं, ते राहू द्या, पण एवढं कळायला एवढी वर्षं लागावीत? मी स्वतः जन्मभर लोकांना फसवत आलोय. विचारा या गल्लीत. मेव्हण्याच्या लग्नात त्याच्या बसायच्या उशीत मी बाहुलीतली शिट्टी शिवून ठेवली होती – नवरदेव बसला की चूं, उठला की चूं. आणि तो मान ताठ करून बसलेला, कारण तो गाण्याचा मास्तर, शाळेत शिकवतो, आणि सगळे वऱ्हाडी त्याच्याकडे बघतायत की आवाज नेमका कुठून येतोय. पण ते फसवणं वेगळं. फसवल्यावर शेवटी दोघंही हसतात. तो हसला होता, बरं का, उशिरा हसला, पण हसला. दग्यात तसं नसतं. दग्यात कुणीच हसत नाही, आणि ज्याने दिला तो तर अगदी सभ्य चेहऱ्याने चहा पीत बसलेला असतो.

काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा असाच बरळतोय. तो मागचा पडदा दिसतोय? त्याच्यामागे खोली आहे. एका बाजूला आमच्या हिची शिलाई मशीन – खोळी सगळ्या तीच शिवते, मी भरतो, ती शिवते – आणि बाकी भिंतींना छतापर्यंत गाद्या. तिथे आवाजाला पळायला जागाच नाही. टाळी वाजवली तर टाळी हातातच राहते. पोरीने नवीन कॉम्प्युटर घेतला, जुना मला दिला, वर एक माइक दिला – बाबा, तुमचा बाजा वाजवून त्यात भरा, वेळ जाईल. बाजा म्हणजे माउथ ऑर्गन हो, मी लहानपणापासून वाजवतो, शिकलो कुणाकडे नाही, फुंकत गेलो आणि होत गेलं. मग मी व्हिडिओ बघून बघून शिकलो – एकावर एक आवाज कसे चढवायचे, कुठला पुढे आणायचा, कुठला मागे न्यायचा. मिक्सिंग म्हणतात त्याला. गादीच आहे ती पण – काथ्या खाली, फोम मध्ये, कापूस वर, आणि टाके असे की कुणाला दिसू नयेत. पोरगी म्हणाली, वा. काय केलं ते न ऐकताच म्हणाली. ते कसं कळलं ते पुढे सांगतो, त्यात मजा आहे.

तर ही, आमची, मशीन चालू असताना गाते. संसार झाला एवढा, मला माहीत नव्हतं. मशीनचा खडखडाट असतो ना, तिला वाटायचं कुणाला ऐकू जात नाही, आणि खरंच जात नव्हतं – पण माइकला जातं. मी एकदा उशांच्या ढिगात माइक खुपसून ठेवला, गंमत म्हणून, ती मशीनला शिव्या देते त्या पकडू म्हटलं, त्याही फार सुंदर देते. आणि ऐकतो तर शिव्या नाहीतच. मशीनच्या खाली, अगदी तळाशी, गाणं. तिच्या आईने मुलांना झोपवायला कधीतरी जुळवलेलं, घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेलं. मी ते तिला ऐकवलं. वाटलं, हसेल. ती उठून गेली आणि माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, बोलायची नाही. मग एक दिवस स्वतःच पडदा सारून आली आणि म्हणाली, मशीन बंद करून म्हणते.

गायली, साहेब. डोळे मिटून, माइकपासून तोंड जरा तिरकं करून, जसं काही माइकला राग येईल. मी मागे बाजा वाजवला, वेगळा, नंतर, त्यावर चढवला. आणि तिने अट घातली. माझं नाव कुणाला सांगायचं नाही. कुणीतरी बाई आहे, गिऱ्हाईक आहे, असं सांगायचं, लोकांना ऐकवायचं, आणि लोक जे म्हणतील ते जसंच्या तसं मला येऊन सांगायचं. गोड करून नाही. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाली, वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी गाण्याचं मंडळ बसतं, तिथे जाऊन बसायचंय मला. लोकांनी बरं म्हटलं तर जाईन. नाही म्हटलं तर मशीनखालीही गाणार नाही, हा विषय संपला. – आता ते मंडळ कोण चालवतो? तोच. मास्तर. तिचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी त्याला शिकवायला घरी गुरुजी यायचे, ही जिन्यात बसून ऐकायची. एकदा तिने पायरीवरूनच सूर लावला आणि हा – एवढासा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती – म्हणाला, ताई बेसूर आहे. सगळे हसले. तेव्हापासून ती जिन्यात बसली नाही. हे मला तिने त्या दिवशी सांगितलं, लग्नानंतर इतक्या वर्षांनी, आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, मग मास्तरलाच ऐकवू, नाव न सांगता, मजा येईल. मला मजा दिसली की मागचं पुढचं दिसत नाही.

तर मतं. पोरीला पाठवलं – छान, बाबा. म्हटलं, काय छान? सगळंच छान. मला संशय आला. मग मी काय केलं, पंख्याचा आवाज भरला – हा वरचा पंखा, याचं एक पातं वाकडंय, कुईं कुईं करतं – तेवढाच, गाणं नाही, काही नाही, आणि पाठवून दिला, म्हटलं तू सांगितल्यासारखं सुधारलंय. उत्तर आलं – आता कितीतरी बरं वाटतंय, बाबा. – थांबा, हसू नका इतके, खाली स्प्रिंगा आहेत. पलीकडचा न्हावी, त्याच्या दुकानात मोठा स्पीकर आहे, त्याला दिलं. तो म्हणाला बाईंचा आवाज फार पुढे येतोय, बाजा ऐकू येत नाही. मी काहीच केलं नाही, तेच गाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा नेऊन दिलं – तुझं ऐकलं, केलं बघ. ऐकलं त्याने, वस्तरा हवेत धरून, गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच फेसात, आणि म्हणाला, आता कसं, बघ, मी म्हणत होतो. ही लोकांची मतं. आणि अशा मतांवर एक बाई ठरवणार होती की आपण तोंड उघडायचं की नाही.

मग काट्या. काट्या म्हणजे घड्याळवाला, कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, आम्ही अर्ध्या चड्डीत असल्यापासून एकमेकांना छळतोय. तो मला कापश्या म्हणतो. त्याने माझ्या दुकानातली सगळी घड्याळं एकदा पुढे करून ठेवली होती आणि मी भर दुपारी शटर ओढून घरी गेलो होतो. त्याने गाणं ऐकलं, ते भिंग डोळ्याला तसंच लावलेलं, आणि म्हणाला, कापश्या, बाई चांगल्या आहेत, तू मधे मधे का येतोस? मी म्हटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टाच करतो. मी सोडून दिलं. – बरोबरच होतं ना सोडून देणं? ज्या माणसाने जन्मात सरळ उत्तर दिलं नाही, त्याचं ते एकच उत्तर सरळ आहे, हे मला कसं कळावं?

आणि मास्तर. मास्तर इथे येऊन बसला, तुम्ही पडलाय त्याच गादीवर, पण काठावर, ताठ. डोळे मिटून ऐकलं. पूर्ण ऐकलं, बोट गुडघ्यावर. मला पडद्यामागून मशीन ऐकू येत होती, मग ती थांबली. ती ऐकत होती, पण मास्तर नेहमी हळू बोलतो, आणि मी तुम्हाला सांगितलं ना, इथे आवाज दोन हातांवर मरतो. मास्तर मला म्हणाला – शब्द पाठ आहेत माझे – भाऊजी, बाजा उत्तम आहे, अगदी जाणकार माणसाचा वाटतो. बाईंना जरा मागे घ्या. सूर हलतो त्यांचा, झाकावा लागेल. – आता बघा. मला, चौथी पास माणसाला, उशीत शिट्ट्या शिवणाऱ्याला, या मास्तरने जन्मात पहिल्यांदा उत्तम म्हटलं होतं. जाणकार म्हटलं. मी त्याला दुसरा चहा मागवला. आणि तो गेल्यावर ही पडद्याआडून आली, हात पुसत, तिचे हात कोरडेच होते, आणि विचारलं, काय म्हणाला?

मी म्हटलं, गोड आहे म्हणाला.

मग काय सांगणार होतो? तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? – नाही, उत्तर नका देऊ, पाठीला लागेल. मी म्हटलं, आधी सुधारू, मग खरंच गोड होईल, मग माझं बोलणं मागाहून खरं ठरेल. यात काय वाईट आहे? मी तिला थोडं मागे घेतलं. थोडासा घुमारा टाकला, देवळात बोलल्यासारखा, घुमाऱ्यात सूर झाकला जातो, व्हिडिओत सांगतात. मास्तरला ऐकवलं. म्हणाला, बरं झालंय, अजून जरा. पुन्हा घेतलं. म्हणाला, बाजा आता काय खुललाय. पुन्हा. आणि ती दर वेळी विचारायची, आता काय म्हणाला, आणि मी म्हणायचो, आधीपेक्षा गोड म्हणाला. तिने त्या दिवसांत मशीनवर गाणं सोडून दिलं, माहितीय? पडद्यामागे मशीन बंद ठेवून गायला लागली. उघड. न्हाव्याला ऐकू जाईल एवढं. मला बरं वाटायचं. मी म्हणायचो, बघ, माझ्या थापेने माणूस कसा उमललाय.

पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही, आणि व्हिडिओवाल्यांनाही ती माहीत नाही, कारण त्यांच्या खोलीत इतक्या गाद्या नसतात. या गाद्या आवाज पितात. इथे घुमारा टाकला की वाटतं, काही टाकलंच नाही, मग माणूस अजून टाकतो. बाईला मागे ढकललं तरी इथे ती अशी कानापाशी ऐकू येते. म्हणून मला वाटत होतं, थोडीशीच मागे आहे. गाद्यांनी दगा दिला मला, साहेब, माझ्या स्वतःच्या हातच्या गाद्यांनी.

मग एका रविवारी ती मंडळात गेली. गोड आहे या माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून गेली. नवीन चप्पल घातली, शेवटच्या रांगेत बसली, मी दाराशी. हॉल तुम्ही पाहिला असेल, नुसत्या भिंती आणि फरशी, खुर्ची सरकवली तर वीज कडाडल्यासारखी. आणि मास्तरने सुरुवातीलाच सांगितलं, आज आमच्या भाऊजींनी घरी केलेलं एक ध्वनिमुद्रण ऐकू. शेवटचं केलेलं मी त्याला पाठवून ठेवलं होतं, पण ते इथे लावणार हे मला सांगितलंही नव्हतं. माझी छाती फुगली, खोटं का बोलू. लावलं. आणि माझा बाजा – काय सांगू, छताला लागला. सगळा हॉल बाजाने भरला. आणि ती? ती नव्हतीच. कुठेतरी खोल, विहिरीत कुणी पडलंय आणि वरचे लोक जेवतायत, तशी. पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, मागे कुणीतरी बाई आहेत का? आणि मास्तर हसून म्हणाला, आहेत, भाऊजींच्या गिऱ्हाईक, त्यांना जरा झाकावं लागलं. लोक हसले. वाईट हसले नाहीत, सभेत हसतात तसे. मी तिच्याकडे बघितलं नाही. टाळ्या माझ्यासाठी वाजत होत्या, मी मान लववत होतो, मान लववली की मागची रांग दिसत नाही.

बाहेर आल्यावर मी मास्तरला गाठलं. ती पुढे निघून गेली होती. म्हटलं, मास्तर, ती गिऱ्हाईक नव्हती, तुझी ताई होती ती. मला वाटलं, आता याचा चेहरा पडेल, आता हा रडेल. तो खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागला. म्हणाला, ताईचा आवाज मला कळणार नाही का, भाऊजी? पहिल्या दिवशीच कळला. – म्हणजे बघा. कळला. पहिल्या दिवशीच. आणि इथे या गादीवर बसून, माझा चहा पिऊन, बाईंना मागे घ्या. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, मला वाटलं तुम्हालाही तेच हवंय. मी जरा मागे म्हणालो, तुम्ही दर वेळी त्याहून जास्त मागे घेऊन येत होता.

हे काय उत्तर झालं? सांगा ना. मला नाही म्हणावं, ताईला सरळ सांगावं, तुझं गाणं मला अजून ऐकवत नाही – काही म्हणावं. उलट माझ्यावरच ढकललं. मास्तर लोकांचं हे असतं, चूक पोराच्या पाटीवर लिहून ठेवतात. मी म्हटलं, तुझ्या लग्नात शिट्टीऐवजी दाभण ठेवायला हवा होता. आता मी त्याच्याशी बोलत नाही. न्हाव्याशीही नाही. दाढी वाढलीय ती त्यामुळे, मला आवडते म्हणून नाही.

आणि घरी. ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. कधी बसत नाही, तिला ते चालू करता येतं हेच मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्या आवाज वरखाली करायला सरकवायच्या पट्ट्या असतात, कुठली कुणाची कळावी म्हणून मी खाली कागदाचे तुकडे चिकटवले होते – एकावर लिहिलेलं मी, एकावर ती. तिला मिक्सिंग कळत नाही, पण वर काय आणि खाली काय हे कुणालाही कळतं. मी अगदी वर होतो. तिने ती असं लिहिलेल्या कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तुम्ही केलंत? मी म्हटलं, मास्तर म्हणाला – ती म्हणाली, मास्तर काय म्हणेल ते मला लहानपणापासून माहितीय. तुम्हाला काय वाटलं होतं?

आणि साहेब, मला आठवेना. खरंच. इतक्यांना विचारलं होतं मी, पोरीला, न्हाव्याला, मास्तरला, स्वतः ऐकून काय वाटलं होतं ते – मी म्हटलं, छानच वाटलं होतं की. ती उठली. म्हणाली, बरं. आणि भाजी चिरायला गेली.

तेव्हापासून मशीन नुसती मशीनसारखी वाजते. मी पडद्याला कान लावून बसतो, खडखड, खडखड, खाली काही नाही. माइकही लावून बघितला एकदा. – असं नका बघू, बघितला. काही नाही.

आता कूस बदला, डाव्या अंगावर. माणूस कुशीवरच खरा झोपतो. – आता माझं काम. हे घ्या, कानात घालायचं आहे हे, पुसलंय मी. एकच घाला, दुसरा कान मला ठेवा, माझं अजून थोडं राहिलंय. काल काट्याने हे पाठवलं. घड्याळवाल्याने. काट्याने, ज्याला फोनवर साधं हॅलो लिहिता येत नव्हतं. सोबत लिहिलंय – एका बाईंचं गाणं आहे, माझ्या गिऱ्हाईक आहेत, घरीच भरलंय, तुला यातलं कळतं म्हणून विचारतो. काय वाटतं ते खरं कळव. तुझं उत्तर आलं की पुढचं म्हणायचं की नाही ते बाई ठरवणार आहेत. – लावतो हं. – येतंय ऐकू?

तीच आहे. आमचीच. काट्याने लाख लिहू दे गिऱ्हाईक, स्वतःच्या बायकोचा आवाज मला कळणार नाही? – काय? – हो, मास्तरही असंच म्हणाला होता, ते वेगळं, तुम्ही गाणं ऐका. दुपारी मला सांगून जायची, बटणं आणते, काज करून आणते, आणि मी म्हणायचो, सावकाश ये. ती जाऊन बसत होती काट्याच्या दुकानात. त्याच्याकडे माइक नाही, फोन मधे ठेवून भरलंय. मागे टिकटिक ऐकू येतेय ना? सगळी घड्याळं चालू, भिंतीवरची, टेबलावरची, कुणाचा कुणाला मेळ नाही. साधं एवढं कळू नये की भरताना घड्याळं बंद करावीत? हा काय ध्वनिमुद्रण करणार. मी असतो तर – पण मला विचारलंच नाही. जन्मभराचा मित्र आणि जन्माची बायको, दोघं मिळून, माझ्याच गल्लीत, माझीच युक्ती माझ्यावर. आणि दग्याची हद्द बघा, बाजा नाही. शेवटपर्यंत ऐका तुम्ही, कुठेही नाही. मला वाटलं, मध्यावर तरी ठेवला असेल, माझा जुना, कापून, हळू केलेला, हळू तर हळू. नाही. नुसती ती, आणि ती घड्याळं.

कालपासून मी उत्तर लिहितोय. छान असं लिहिलं, खोडलं – छान मी तिला एकदा सांगून झालंय. गोड लिहायला गेलो, अंगठा चालेना. म्हटलं टिकटिकीबद्दल लिहावं, तर ती म्हणेल, याला टिकटिकच ऐकू आली. खरं लिहिलं तरी खोटं वाटणार, आणि नाही लिहिलं तर ती गप्प बसणार, आता सकाळी पोळ्या करताना माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही – मला कळत नाही, मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे की नाही. म्हणून सकाळपासून जो आडवा होतो त्याला ऐकवतोय. एकाने सांगितलं, आवाज चांगलाय. एक म्हणाला, बाई कोण आहे, वय काय. एकाला झोप लागली, मला कळेना ते गाण्यामुळे की गादीमुळे. तुम्ही शहाणे दिसता, तुम्ही जे सांगाल ते मी लिहून टाकतो, शब्दाला शब्द. – काय म्हणालात?

मला काय वाटतं? अहो, तुम्हालाही तेच सुचलं? मी तुम्हाला विचारतोय. माझं सोडा, मी घरचा माणूस. तुम्ही सांगा – सूर हलतो का? तिसऱ्या ओळीला, जिथे श्वास घेते तिथे, जरासा – हलतो ना? मला तो हललेलाच – नाही, काही नाही. संपलं का? बरं, मग? – पुन्हा लावू? पहिल्यापासून? लावतो की, त्यात काय, पण मत तेवढं – हां, लावलं.

अहो, तो दुसरा कशाला घालताय? तो मला ठेवा म्हटलं होतं. दोन्ही घातलेत तर माझं ऐकू कसं येणार – मी तुम्हाला काट्याबद्दल अजून सांगितलंच नाही, त्याने एकदा – साहेब. – अहो साहेब, ती गादी जरा कडक वाटत असेल तर – अहो –

बरं.